लातूरच्या आमच्या अभ्यासिकेत फायरवॉलच्या (नेटवर्कचं रक्षण करणाऱ्या यंत्राच्या) वायफायला नवा पासवर्ड दिला, सेव्हही केलं, तरी जुनाच चालतोय. काय राहिलं?

बहुतेक 'अप्लाय' राहिलंय. बऱ्याच फायरवॉलमध्ये 'सेव्ह' दाबलं की बदल नुसता नोंदवून ठेवला जातो. 'अप्लाय' केल्यावरच तो लागू होतो. काही यंत्रांत उलटं असतं: बदल लगेच लागू, पण कायमचा जतन करायला वेगळं बटण. ते राहिलं तर आपल्याकडची लाईट गेली की सेटिंग पुन्हा जुनं. म्हणून सगळं झाल्यावर एकदा यंत्र बंद-चालू करून बघाच.

हे काम लॅपटॉपला लॅनची केबल लावून करा. वायफायवरून केलं तर अप्लाय होताना कनेक्शन तुटतं आणि तुम्हीच बाहेर पडता.

एन्क्रिप्शनला, म्हणजे वायफायवरची माहिती गुप्त ठेवण्याच्या पद्धतीला, यादीतून डब्ल्यूपीए२ आणि एईएस निवडा. सगळ्यांचे मोबाईल नवे असतील तर डब्ल्यूपीए३. टीकेआयपी ही जुनी पद्धत नको, त्यावर वेग ५४ एमबीपीएसच्या पुढे जात नाही. डब्ल्यूईपी ही त्याहून जुनी पद्धत तर २००१ मध्येच फुटलीय, म्हणजे ती तोडता येते हे सिद्ध झालंय, अजून यादीत कशाला ठेवतात कुणास ठाऊक. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. फक्त अभ्यासिकेचं नाव आणि पुढे १२३ असा देऊ नका, पोरं पहिल्यांदा तेच टाकून बघतात.