ऑप्शन फॉर्म भरण्याआधी

प्रिय मुली,

तुझा मेसेज मिळाला. इंजिनिअरिंगच्या ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमात, तुला मेकॅनिकल हवंय आणि बाबांना ‘मुलींसाठी सुरक्षित’ कॉलेज. बाबांची काळजी रास्तच आहे. पण या दोन शब्दांखाली काय काय खपवतात, ते इंजिनिअरिंगला शिकवताना मी पुरतं पाहिलंय. बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ एवढाच, की मुलींच्या हॉस्टेलचं गेट लवकर बंद होतं.

म्हणून कॉलेज बघायला जाशील तेव्हा आधी हॉस्टेलच्या वेळा विचार, मुलांच्याही. मुलींना साडेआठ आणि मुलांना कधीही, असं असेल तर पुढे काय होतं ते ऐक. बाहाची, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बनवायच्या स्पर्धेची, गाडी वर्कशॉपमध्ये रात्रीच तयार होते, कारण दिवसा लेक्चर्स नि प्रॅक्टिकल्स. वेल्डिंग, सस्पेन्शन, सगळं जेवणानंतर. रजिस्टरवर सही करायला गेटकडे पळणाऱ्या मुलीच्या वाट्याला मग रिपोर्ट टाइप करणं आणि स्पॉन्सर्सना फोन लावणं येतं. शेवटच्या वर्षी इंटरव्ह्यूत विचारतात, ‘गाडीवर तू काय केलंस?’ मुलगा चॅसिसबद्दल बोलतो, ही पीपीटीबद्दल. हुशारीत ती तसूभरही कमी नसते.

वर्कशॉपच्या इमारतीत लेडीज टॉयलेट आहे का, तेही बघ. हसू नकोस. त्यासाठी लायब्ररीपर्यंत चालत जावं लागत असेल, तर इथे मुली लेथ मशीनवर उभ्या राहतील हे कुणी धरलेलंच नाही.

लैंगिक छळाच्या तक्रारी बघणारी अंतर्गत तक्रार समिती कागदावर सगळीकडे असते. यूजीसीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे तक्रारीत विद्यार्थी गुंतलेले असतील तर समितीवर निवडून आलेले तीन विद्यार्थी हवेत, बाहेरची एक व्यक्ती हवी, आणि चौकशी ९० दिवसांत संपायला हवी. ऑफिसात विचारू नकोस, ते बोर्ड दाखवतील. कँटीनमध्ये थर्ड इयरच्या मुलींना विचार, समितीवर कोण आहे? त्या एकमेकींकडे बघायला लागल्या तर समजून जा.

केवळ मुलींचं कॉलेज वाईट असं मात्र मी म्हणणार नाही. पुण्याच्या कमिन्स या मुलींच्या कॉलेजमध्ये मेकॅनिकल आहे, आणि तिथे लेथवर मुलीच असतात. हातातला पाना काढून घ्यायला कुणी मुलगा नसतो.

आता पैशांचं. तुमचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे आणि तू ओबीसीत, त्यामुळे राज्य सरकारची २०२४-२५ पासूनची मुलींची पूर्ण फीमाफी तुला लागू होईल. पण ती कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्याला नाही. शिवाय माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे, हॉस्टेल-मेस घरूनच भरावं लागेल. तेवढा हिशेब आधी करा.

कट-ऑफच्या यादीत ‘एल’पासून सुरू होणारे रकाने मुलींच्या ३० टक्के जागांचे, ‘जी’चे सर्वसाधारण. दोन्ही वाच. ‘एल’मधून गेलीस तर ‘कोट्यातली’ म्हणणारं कुणीतरी भेटेलच. पहिल्या सेमिस्टरच्या निकालापर्यंत दुर्लक्ष कर.

बाबांना सोबत ने. गेटच्या वेळेचा प्रश्न त्यांनाच विचारू दे, वडिलांना वॉर्डन जरा सरळ उत्तर देतात. यादी झाली की पाठव, क्रम मिळून लावू. मेकॅनिकल मात्र कुणाच्या सांगण्यावरून खोडू नकोस.

तुझी,
मावशी