वाचकांचे प्रश्न : पाणपक्षी आणि तलावाचा काठ

प्रश्न : यंदा उजनी धरण काठोकाठ भरले, तरी भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी अजून फारसे दिसत नाहीत. पाणी जास्त असताना पक्षी कमी, हे कसे? (एक वाचक, इंदापूर तालुका)

उत्तर : पाणपक्ष्यांना पाणी हवे असते, पण ते किती खोल आहे यावर सारे अवलंबून असते. उजनीवर प्रामुख्याने येणारा मोठा रोहित चोच उलटी करून पाण्यात घालतो, जिभेच्या हालचालीने चिखलपाणी आत ओढतो आणि चोचीच्या कडांवरील बारीक दातेरी पट्ट्यांतून ते बाहेर सोडताना अळ्या, कवचधारी जीव, बिया आणि शेवाळ मागे ठेवतो. त्याला तळाचा चिखल चोचीच्या आवाक्यात लागतो. शेकाट्या आणि तुतारी या चिखलपक्ष्यांना तर चार बोटे पाणी पुरते. थापट्या, तलवार बदक यांसारखी बदके डोके बुडवून व शेपूट वर करून साधारण हातभर खोलीपर्यंतच चरू शकतात. बुडी मारणारे वारकरी आणि पाणकावळे यांचे मात्र भरलेल्या धरणात फारसे अडत नाही, म्हणून तेवढे आपल्याला दिसत असावेत.

रब्बीची आवर्तने, म्हणजे पिकांसाठी कालव्यातून पाणी सोडण्याच्या पाळ्या, सुरू होऊन पाणी मागे सरले की भीमेच्या काठचे चिखलपट्टे उघडे पडू लागतात आणि मग रोहितांचे थवे उतरतात. चांगल्या पावसाच्या वर्षी त्यांचे येणे लांबते ते याच कारणाने. तोवर ते दुसऱ्या उथळ जागा धरून असतात. हा पक्षी उजनीवर वीण घालत नाही. भारतातील त्याची मोठी वीणस्थळे कच्छच्या रणात आहेत. एक गोष्ट मात्र या निमित्ताने सांगायला हवी. उघड्या पडलेल्या याच पट्ट्यावर शेतकऱ्यांची गाळपेर, म्हणजे पाणी सरल्यावर गाळात पेरणी, होते. पाणी सरताच नांगर फिरला तर चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांसाठी फारच अरुंद पट्टी उरते. गाळपेर बंद करा असे आम्ही म्हणणार नाही, कारण धरणात जमिनी गेलेल्यांचा त्या गाळावर हक्क सांगणे समजण्याजोगे आहे. पण पाण्यालगतचा काही पट्टा पेरणीविना सोडण्याविषयी स्थानिक पातळीवर बोलणी व्हायला हरकत नाही.

प्रश्न : आमच्या पाझर तलावातील गाळ काढून त्याचे सुशोभीकरण करण्याचा ठराव ग्रामसभेपुढे आहे. हिवाळ्यात येथे बदके येतात, पावसाळ्यात कमळपक्षीही असतात. काय काळजी घ्यावी? (एक वाचक, पारनेर तालुका)

उत्तर : गाळ काढण्याला विरोध करण्याचे कारण नाही. 2017 पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना राबवली जात आहे आणि तो गाळ शेतात पडला तर शेतीचा फायदाच आहे. नुकसान होते ते तलाव चारी बाजूंनी सारखा खोल, उभ्या भिंतींच्या हौदासारखा केल्यामुळे, कारण मग पाणी वाढते, पण बदकांना चरायला आणि लहान चिखलपक्ष्यांना उभे राहायला जागा राहत नाही. म्हणून खोदाई बांधालगत आणि मध्यभागी करावी, आणि ज्या बाजूने ओढ्याचे पाणी आत येते तो वरच्या अंगाचा उथळ भाग आहे तसा सोडावा. पोकलेनच्या चालकाला हे तोंडी सांगून भागत नाही. चुन्याची रेघ मारून द्यावी. उतार असा ठेवावा की दहा-पंधरा फूट आत चालत गेल्यावरही पाणी फूटभरच असेल. दगडी पिचिंग (उतारावर बसवलेले दगडांचे अस्तर) बांधाला आवश्यक आहे, बाकीच्या काठाला नाही.

उथळ भागातील पाणकणीस आणि लव्हाळे सरसकट उपटू नयेत. हळदीकुंकू बदक पाण्याजवळच्या दाट गवतात अंडी घालते, आणि कमळपक्ष्याचे घरटे तर तरंगत्या पानांवरच असते. त्यात मादी अंडी घालून निघून जाते आणि ती उबवण्यापासून पिल्ले वाढवण्यापर्यंतची जबाबदारी नर पार पाडतो. जलपर्णी मात्र काढायलाच हवी, कारण ती पाण्याचा पृष्ठभाग झाकून प्रकाश अडवते व पाण्यातील प्राणवायू घटवते. ती माजण्यामागे बहुधा गावातील सांडपाणी असते, त्यामुळे गटाराचे तोंड तलावाकडेच राहिले तर पुढच्या वर्षी हाच खर्च पुन्हा करावा लागेल. पाण्यात उभ्या असलेल्या जुन्या बाभळी तोडू नयेत. भिगवणजवळच्या भादलवाडी तलावात चित्रबलाकांनी अशाच बाभळींवर वसाहत केली आहे. खोदाई एप्रिल-मे महिन्यांत होते आणि त्याच काळात टिटवी व शेकाट्या उघड्या जमिनीवर अंडी घालतात, म्हणून यंत्र उतरवण्यापूर्वी सकाळी कोरड्या पात्रातून एकदा पायी फिरून यावे.

राहिले सुशोभीकरण. रात्रभर जळणारे दिवे आणि तलावाला पूर्ण वेढा घालणारा पदपथ या दोन गोष्टी अंदाजपत्रकातून वगळता आल्या तर पाहावे. कारंज्याशेजारी सिमेंटचे बगळे उभारण्यापेक्षा त्यात खर्चही कमी आहे.

प्रश्न : नांदूर मध्यमेश्वरला जसे संरक्षण आहे, तसे आमच्या सिंचन तलावाला पाणथळ जागा म्हणून मिळेल का? (एक वाचक, निफाड तालुका)

उत्तर : सहजासहजी नाही. केंद्राच्या 2017 च्या पाणथळ जागा नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी खास बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. महाराष्ट्रातील पक्ष्यांच्या कितीतरी चांगल्या जागा नेमक्या अशाच जलाशयांवर असल्याने हे वगळणे आम्हाला अयोग्य वाटते. नांदूर मध्यमेश्वर हाही मुळात गोदावरी-कादवा संगमाजवळ पाटपाण्यासाठी घातलेला बंधाराच. गाळ साचून तेथे उथळ दलदल आणि बेटे तयार झाली. त्याला खरे कायदेशीर बळ 1986 मध्ये अभयारण्य घोषित झाल्याने मिळाले. जानेवारी 2020 मध्ये तो राज्यातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाला, तो त्यानंतरचा सन्मान.

आपल्या हातात असलेला मार्ग म्हणजे ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती. 2002 च्या जैवविविधता कायद्याखालील लोकजैवविविधता नोंदवहीत तलावाची आणि पक्ष्यांची नोंद करून घ्यावी. शिवाय दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत सहभागी व्हावे. ती 1987 पासून चालू आहे आणि तिच्यात सामान्य पक्षीनिरीक्षकही भाग घेऊ शकतात. तलावाचा वापर बदलण्याचा प्रस्ताव आला तर सलग काही वर्षांचे आकडे हाताशी असणे उपयोगी पडते.

प्रश्न : तळ्यात काही बदके मान टाकून मेलेली आढळली. काय करावे? (एक वाचक, परभणी)

उत्तर : उघड्या हातांनी स्पर्श करू नये आणि पशुवैद्यकीय दवाखाना व वन विभाग यांना त्याच दिवशी कळवावे. कारण बर्ड फ्लू, विषबाधा किंवा बोट्युलिझम (जिवाणूंच्या विषाने होणारा रोग) यांपैकी काहीही असू शकते. ते प्रयोगशाळेतच ठरेल. 2019 मध्ये राजस्थानातील सांभर सरोवरावर बोट्युलिझमने हजारो पक्षी दगावले. या रोगाचे विष मृत पक्ष्यांवर वाढणाऱ्या अळ्यांत साठते आणि त्या अळ्या खाणारे निरोगी पक्षीही मरतात, त्यामुळे तपासणीचे नमुने घेतल्यावर मृत पक्षी लगेच उचलून पाण्यापासून दूर, अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली खोल पुरणे किंवा जाळणे आवश्यक असते. तोवर त्या तळ्यातील मासे खाऊ नयेत व जनावरांनाही तेथे पाणी पाजू नये.