पहिला विंटर आहे ना, मग हे वाच

अगं, मॉरिशसची फार आठवण येते म्हणालीस ना, टोरंटोत डिसेंबरात पावणेपाचलाच अंधार पडतो, त्यात मॉरिशसचे फोटो बघत बसलीस तर जीव कासावीस होणारच, माझाही पहिल्या वर्षी झाला होता. नुसते फोटो नको बघूस. मी काय करते सांगू, तिथली दालपुरी घरी करते, म्हणजे दिसायला आपल्या पुरणपोळीसारखीच पण गोड नाही, आत वाटलेली डाळ, वर वालासारख्या बियांची रस्साभाजी नि चटणी, दोन पुऱ्या एकत्र कागदात गुंडाळून देतात ना तशीच गुंडाळून हातात धरून खायची, बोटांना तेल लागलं की फ्लिक-अँ-फ्लाकच्या (तिथल्या समुद्रकिनाऱ्यावरची) सुरूची झाडं आपोआप डोळ्यासमोर येतात (आणि सुरू म्हटलं की मला अलिबागही आठवतं, डबल फायदा). दुपारी ऊन असेल तेव्हा मात्र जाकीट घालून बाहेर पडच, मायनस दहा असलं तरी. आणि पुढची ट्रिप आत्ताच ठरव, पण जानेवारी ते मार्च तिकडे चक्रीवादळांचे दिवस असतात, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबर बघ. दालपुरीची रेसिपी हवी असेल तर सांग, सविस्तर लिहून देते.