नवीन पीसीला जुना मॉनिटर लावला, रिझोल्युशन १०२४ × ७६८ च्या वर जातच नाही, काय करू? (मालवण, केबल जुनीच, मध्ये एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टर)

आधी व्हीजीए केबल बदला, नाही झालं तर कन्व्हर्टर, मॉनिटर बहुतेक ठीकच असणार. कुठलं रिझोल्युशन चालतं ते मॉनिटर केबलच्या १२ आणि १५ नंबरच्या पिनवरून पीसीला कळवतो, त्यातली एक जरी वाकली किंवा आपल्याकडच्या खाऱ्या हवेने हिरवी पडली की चित्र येतं पण माहिती जात नाही, मग विंडोज त्याला जेनेरिक (म्हणजे ओळख न पटलेला, कुठलातरी) मॉनिटर समजून कमी रिझोल्युशनवर अडकतं. मी किनाऱ्यावरच रिपेअरिंग करतो, पावसाळ्यानंतर अशा केबली हमखास येतात. पिना हिरव्या दिसल्या तर सगळं बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने हळू पुसा, पूर्ण सुकल्यावरच लावा. ९ नंबरची पिन नसली तर घाबरू नका, बऱ्याच केबलीत ती नसतेच.

एवढं करूनही नाही झालं तरच ग्राफिक्स ड्रायव्हरमधून कस्टम रिझोल्युशन टाका, पण मॉनिटरचं मूळ रिझोल्युशन आहे तेच आणि ६० हर्ट्झवर (१७ इंची चौकोनी एलसीडी असेल तर बहुतेक १२८० × १०२४), त्याच्या वर गेलात तर स्क्रीनवर नुसतं आउट ऑफ रेंज येईल.