जांभळं कडं ओळखताना
दुधाचा नमुना तपासायला हातात आला की आधी त्याचं लेबल वाच. टिकावा म्हणून त्यात फॉर्मॅलिन, म्हणजे नासणं रोखणारं फॉर्माल्डिहाइडचं द्रावण, आधीच घातलेलं असेल, तर त्याच बाटलीत फॉर्मॅलिनची भेसळ शोधून काय उपयोग? काहीही न घातलेला वेगळा नमुना मागून घे.

चाचणी सोपी आहे, हात मात्र स्थिर हवा. परीक्षानळीत थोडं दूध घे, नळी तिरकी धर आणि फेरिक क्लोराइडचा अंश असलेलं तीव्र सल्फ्युरिक ॲसिड कडेकडेने सोड. हलवू नकोस. दोन थर भेटतात तिथे जांभळं कडं उमटलं, तर फॉर्मॅलिन आहे. तपकिरी दिसलं तर ते ॲसिडने करपलेलं दूध. सुरुवातीला मी असंच तपकिरी कडं जांभळं समजलो होतो. आपल्या एका शेऱ्यावर कुणाचं तरी अख्खं कॅन परत जातं रे! म्हणून शेजारी खात्रीच्या दुधाची एक आणि मुद्दाम फॉर्मॅलिन घातलेल्या दुधाची एक, अशा दोन नळ्या रोज लावच.

दूध टिकवायला भेसळ म्हणून घातलं जाणारं दुसरं रसायन, हायड्रोजन पेरॉक्साइड, मात्र दूध आल्याआल्या तपास. कच्च्या दुधातली एन्झाइम्स त्याचं विघटन करतात, उशीर केलास तर पुरावाच उरत नाही.

आणि गॉगल घातल्याशिवाय ॲसिडच्या बाटलीला हात लावायचा नाही.