भिशीच्या डब्यात चिठ्ठी परत जाते का?

मध्येच येणाऱ्यांसाठी तुमचे प्रश्न थोडक्यात परत मांडतो. तुमची बारा जणांची भिशी आहे, महिना पाच हजार, दर दहा तारखेला चिठ्ठी निघते. मागच्या फेरीत तुमचा नंबर अकराव्या महिन्यात लागला, या फेरीत बाराव्या. वहिनी म्हणतात, चालवणारा काहीतरी हातचलाखी करतोय. दुसरं, तुम्ही सांगलीवाडीला, कृष्णेच्या काठाला, घर बघताय आणि एजंट म्हणतो, "२०१९ आणि २०२१ ला पुराचं पाणी येऊन गेलं, आता शंभर वर्षं बघायला नको." तिसरं, पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन शाळेत झालं होतं, पण गुणायचं कधी आणि मिळवायचं कधी हे आजही कळत नाही.

तिसऱ्याचं उत्तर लहान आहे. 'हे व्हायला हवं आणि तेही व्हायला हवं' असं असेल तर गुणा. 'हे किंवा ते, कुठलंही चालेल' असं असेल आणि दोन्ही एकदम होऊच शकत नसतील, तर मिळवा. एकदम होऊ शकत असतील तर उलटीकडून या: एकही न होण्याची शक्यता काढा आणि ती एकातून वजा करा. मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी सव्वीस वर्षं हिशेब लिहिले, संध्याकाळी दहावी-बारावीच्या पोरांना गणित शिकवलं, आणि एवढ्यावरच निभावलं. फॉर्म्युले मलाही धड आठवत नाहीत. मी प्रत्येक गणित चिठ्ठ्यांच्या डब्यावर आणतो आणि मग विचारतो, काढलेली चिठ्ठी डब्यात परत जाते का?

भिशीत ती जात नाही. म्हणून दर महिन्याला डबा बदलतो. पहिल्या महिन्यात तुमची शक्यता बारात एक, नाही लागला तर पुढच्या महिन्यात अकरात एक, मग दहात एक. यावरून लोकांना वाटतं की उशिरा नंबर लागण्याची शक्यता जास्त, किंवा लवकर लागणारा नशीबवान. पाचव्या महिन्याचं करून बघा. आधीचे चार महिने तुमची चिठ्ठी निघायला नको आणि पाचव्याला निघायला हवी: ११/१२ × १०/११ × ९/१० × ८/९ × १/८. वरचा अकरा खालच्या अकराला खातो, दहा दहाला, नऊ नऊला, आठ आठला. उरतं १/१२. कुठलाही महिना घ्या, तेच येतं.

म्हणजे शेवटच्या दोन महिन्यांत नंबर लागायची शक्यता १/१२ अधिक १/१२, म्हणजे १/६. दोन्ही फेऱ्यांत तसं व्हायची १/६ × १/६, म्हणजे छत्तीसात एक. पावणेतीन टक्के. वहिनींचा संशय इथवर रास्त वाटतो.

पण हा हिशेब तुमच्या एकट्याचा झाला, आणि तक्रार घेऊन तुम्ही आलात ते नंबर लागून गेल्यावर. तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणावर ही वेळ आली असती तर त्याच्या घरातही हेच बोलणं झालं असतं. तेव्हा विचारायचं असं की, बारा जणांत *कुणीतरी एक* दोन्ही वेळा शेवटच्या दोघांत सापडण्याची शक्यता किती? हे मोजायला कागद-पेन्सिल पुरते. पहिल्या फेरीत शेवटचे दोघे कोण हे ठरलंय. दुसऱ्या फेरीत शेवटची जोडी किती तऱ्हांनी बनू शकते? बारातून दोघे: १२ × ११ भागिले २, म्हणजे ६६. त्यांतल्या किती जोड्यांत आधीच्या दोघांपैकी कुणीच नाही? उरलेल्या दहांतून दोघे: १० × ९ भागिले २, म्हणजे ४५. राहिल्या २१. पडताळा घ्या: जुन्यातला एक आणि नव्यातला एक अशा २ × १० = २० जोड्या, आणि जुनेच दोघे ही १. जुळलं. २१ भागिले ६६, म्हणजे जवळपास बत्तीस टक्के. अशा तीन भिश्या घेतल्या तर साधारण एका भिशीत कुणीतरी तुमच्यासारखा निघणार, आणि त्यात कुणाची लबाडी असायलाच हवी असं नाही. त्यातून पहिल्या-दुसऱ्या महिन्यात दोन्ही वेळा लागणाराही डोळ्यांत खुपतोच ("ह्यो दर खेपंला पहिला कसा काय लागतोय?"), तो धरला तर आकडा आणखी वाढतो.

तिसऱ्या फेरीत परत शेवटच्या दोघांत आलात तर? तेही सहात एकदा होतंच. आकड्यांवरून चोर धरणं कठीण, त्यापेक्षा डबा बघणं सोपं. पुढच्या वेळी एवढंच सांगा: सगळ्या चिठ्ठ्या एकाच वहीच्या कागदाच्या, सारख्या घडीच्या, डबा चालवणाऱ्याने नाही तर दुसऱ्या कुणीतरी हलवायचा, आणि चिठ्ठी काढून झाली की *उरलेल्या सगळ्या चिठ्ठ्या उघडून वाचायच्या*. हे शेवटचं बहुतेक भिश्यांत होत नाही. निघालेलं नाव सगळे बघतात, आपलं नाव डब्यात होतं का हे कोण बघतं?

लबाडी नसतानाही डबा चुकतो, हेही ध्यानात घ्या. १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाच्या भरतीसाठी जन्मतारखांची सोडत निघाली. वर्षाच्या ३६६ तारखा, प्रत्येक तारीख एका छोट्या प्लॅस्टिकच्या डबीत. डब्या महिन्यांच्या क्रमाने घातल्या आणि नीट ढवळल्या नाहीत. शेवटी पडलेल्या डिसेंबरच्या तारखा आधी हाताला लागल्या, आणि त्या महिन्यात जन्मलेल्या पोरांना लवकरचे नंबर आले. लबाडी कुणी केली नव्हती, डबा हलवायचा राहिला होता.

पैशाचा हिशेब मात्र वेगळा, तिथे तुमचं दुखणं खरं आहे. पहिल्या महिन्यात साठ हजार उचलणारा पाच भरतो, म्हणजे पंचावन्न हजार बिनव्याजी त्याच्या हातात. मग पन्नास, पंचेचाळीस, असं उतरत शेवटी पाच. सगळे मिळवले तर तीन लाख तीस हजार रुपये एका महिन्यासाठी वापरल्यासारखं. शेकडा एक रुपया महिना धरला तर ३,३०० रुपये त्याचा फायदा. शेवटच्याचे बरोबर तेवढेच दुसऱ्याकडे अडकलेले, म्हणजे ३,३०० तोटा. दोन फेऱ्या मागे राहिलात, सहा-साडेसहा हजारांना बसलं. हे भिशीवाल्याशी भांडायला पुरेसं आहे असं वहिनींना वाटेल, पण हा भिशीचा नियमच आहे. तो नको असेल तर बोलीची भिशी लावा, म्हणजे जो जास्त पैसे सोडेल त्याला आधी रक्कम.

न हलवलेल्या डब्यावरून स्वतःची गोष्ट सांगतो. दुकानात नवा होतो तेव्हा मालकाने एका हळदीच्या ढिगाचा अंदाज घ्यायला पाठवलं. मी चार पोत्यांची तोंडं सोडली, वरची मूठ-मूठ बघितली, सगळी लांब चकचकीत हळकुंडं. माल एक नंबर म्हणून सांगितलं. पोती रिकामी केल्यावर तळाला कणी आणि माती. मालक ओरडले नाहीत, नुसते हसले, ते जास्त लागलं. चार पोती कमी होती असं मी तेव्हा धरलं होतं. वरूनच चाळीस पोती बघितली असती तरी तेवढाच फसलो असतो, हे फार उशिरा कळलं. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे (जन्म १९११) यांनी पीक कापणीच्या बाबतीत हेच दाखवलं. शेतात अगदी लहान तुकडा आखून पीक कापलं तर काठावरची ताटं आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगून दिसतं. असे छोटे तुकडे संख्येने कितीही वाढवा, फुगवटा जात नाही. आज पीक विम्याच्या कापणीला कुणी काठावर मापाची दोरी सैल सोडताना दिसलं की मला ती हळदीची पोती आठवतात.

आता नदी. एजंटची चूक अशी की त्याने कृष्णेला भिशीत बसवलंय. 'तिचा नंबर लागून गेला, आता शंभर वर्षांनी.' पुराची चिठ्ठी निघाली तरी डब्यात परत जाते. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक शक्यता, या वर्षी आला तरी पुढच्या वर्षी तेवढीच. वीस वर्षांचं कर्ज काढलंत तर एकदाही न येण्याची शक्यता ०.९९ वीस वेळा गुणून ८२ टक्के. म्हणजे हप्ते फिटायच्या आत एकदा तरी येण्याची १८ टक्के. आणि हे शंभरात एक धरून.

ते धरणं तरी बरोबर आहे का? २००५, २०१९, २०२१: तीनदा सांगली शहरात पाणी शिरलेलं आपण बघितलं. सतरा वर्षांत तीन म्हणायचा मोह होतो, पण पुराच्या वर्षी सुरू करून पुराच्याच वर्षी थांबलं तर दर आपोआप वाढतो, ही आपल्याच बाजूची लबाडी. २००० ते २०२४ अशी पंचवीस वर्षं घ्या. निदान तीनदा, म्हणजे दरवर्षी बारा टक्के. ०.८८ वीस वेळा गुणा, आठ टक्क्यांच्याही खाली येतं. वीस वर्षं कोरडी जाण्याची शक्यता आठ टक्के! तीन पुरांवरून काढलेला दर कच्चा आहे हे कबूल, शिवाय कोयना धरणातून सुटणारं पाणी आणि पावसाचं वेळापत्रक दरवर्षी सारखं नसतं. तरी एजंटच्या 'शंभर वर्षां'पेक्षा तो बरा. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांवरही, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांवरही, पिढ्यानपिढ्यांचा भरवसा होता. २००५ ला पाणी शिरलं आणि कितीतरी पेवं कामातून गेली.

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका समजतात. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. घर बघायला जाल तेव्हा एजंटला बाहेर थांबवा आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, २०१९ ला पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं. बहुतेक जण हात वर करून दाखवतात. जोत्यापासून तिथवर टेपने मोजून घ्या.