दूरदर्शनवर कविता वाचायला जाताना

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

सह्याद्री वाहिनीवर अर्धा तास, तुझ्या कविता आणि तुझ्याशी गप्पा! वाचून फार बरं वाटलं. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं आणि सुहासिनी मुळगांवकरांच्या 'प्रतिभा आणि प्रतिमा' या कार्यक्रमामुळे लेखक-कवी मराठी माणसाच्या बैठकीच्या खोलीत आले. ज्यांना आपण फक्त पुस्तकाच्या मलपृष्ठावर पाहिलं होतं, ते बोलताना, अडखळताना, हसताना दिसू लागले. त्या काळी टेप महाग, म्हणून पुष्कळ जुनं रेकॉर्डिंग पुसून त्यावर नवं घेतलं गेलं. केवढं तरी गेलं त्यात. तुझा अर्धा तास मात्र टिकणार आहे, तेव्हा तो नीट कर.

माझं मुख्य सांगणं एकच. गप्पा कवितेभोवती फिरू देत, कविता गप्पांच्या मधली फोडणी होऊ देऊ नकोस. हे नेहमी उलटं होतं. बालपण, पहिली कविता, घरचा पाठिंबा, पुरस्कार असं बोलता बोलता वीस मिनिटं निघून जातात आणि मग 'जाता जाता एखादी कविता ऐकवा' म्हणतात. म्हणून निर्मात्यांना आधीच फोन कर आणि सुरुवात वाचनानेच करूया का, असं विचार. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात, कारण त्यांनाही सुरुवात कशी करायची हा प्रश्न असतोच.

'ही कविता कशी सुचली?' हा प्रश्न येणारच. त्यावर आयुष्याची हकिकत सांगत बसू नकोस. ओळीवर ये. कुठलं कडवं शेवटी काढून टाकलंस, कुठला शब्द चार वेळा बदलून पुन्हा पहिलाच ठेवलास, ते सांग. ऐकणाऱ्याला कविता घडताना दिसते ती इथे. तुझ्या कवितेत 'वखर' आहे. मुंबईतला निवेदक त्याचा अर्थ विचारेल. पेरणीआधी जमीन भुसभुशीत करायचं अवजार, एवढं सांगून पुढे जा. त्या शब्दाबद्दल ओशाळायचं कारण नाही, आणि त्याचं कौतुक करून घ्यायचंही नाही. आणि निवेदकाने कवितेचा भलताच अर्थ लावला तर वाद घालू नकोस. 'ती ओळ पुन्हा वाचू का?' असं विचार. दुसऱ्यांदा वाचलेली ओळ चर्चेपेक्षा जास्त सांगते, शिवाय पहिल्या वेळी ज्याचं लक्ष नव्हतं त्यालाही ती मिळते. छापलेल्या कवितेत वाचक मागे जाऊ शकतो. इथे त्याला मागे नेणं तुझ्या हातात आहे.

आवाजाचं म्हणशील तर व्यासपीठावरची सवय स्टुडिओत सोडून दे. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर गावोगाव एकत्र वाचायचे तेव्हा समोर भरलेलं सभागृह असायचं, दाद यायची, त्या दादेवर पुढची ओळ उचलता यायची. स्टुडिओत दाद नाही. समोर कॅमेरा, बाजूला हाताने खुणा करणारा फ्लोअर मॅनेजर आणि गळ्याजवळ लावलेला इवलासा माइक. तो कुजबुजही पकडतो, त्यामुळे आवाज चढवायची गरजच नाही. अमेरिकेतल्या सार्वजनिक दूरचित्रवाणीसाठी रिचर्ड मूर यांनी, ते स्वतःही कवी, कवींवर एक मालिका केली होती. तिच्यात 1966 साली न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी कवी फ्रँक ओ'हारा सिगारेट हातात घेऊन कविता वाचतो. हातवारे नाहीत, सूर लावणं नाही. त्याच वर्षी जुलैत, वयाच्या अवघ्या 40व्या वर्षी तो अपघातात गेला. ते वाचन लोक अजून बघतात. एकदा तूही बघ.

आता कागदाचं. मोबाइलवरून वाचू नकोस, तो चेहऱ्यावर निळसर उजेड पाडतो आणि नेमका तेव्हाच फोन येतो. मोठ्या टायपात छापून घे, ओळी तुझ्या हस्तलिखितात तुटतात तिथेच तोडलेल्या हव्यात, कडवं मध्येच पान उलटून वाचायची वेळ येता कामा नये. कागद पिना न लावता सुटेच ठेव आणि वाचून झालेलं पान अलगद बाजूला सरकव. पान उलटल्याचा आवाज त्या माइकवर पत्र्यावर खडे पडावेत तसा येतो. मंगळसूत्र किंवा मण्यांची माळ माइकला घासते, बांगड्या किणकिणतात, तेव्हा त्या दिवशी कमीच घाल. बारीक चौकड्यांची किंवा अगदी बारीक रेघांची साडी नको, पडद्यावर ती लकाकत राहते.

कवितांची प्रत दोन-तीन दिवस आधी पाठव. पडद्यावर ओळी दाखवणार असतील तर ऱ्हस्व-दीर्घ स्वतः तपासून दे. मोठा विराम कुठे घेणार आहेस तिथे खूण कर. नाहीतर आत नियंत्रण कक्षात कॅमेरे बदलायला बसलेल्यांना वाटतं कविता संपली, आणि ते निवेदकाच्या चेहऱ्यावर कट करतात. माझ्या कार्यक्रमांत याच एका गोष्टीने कितीतरी कवितांच्या शेवटच्या दोन ओळी वाया गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

कविता किती घ्यायच्या? पाच पुरे. सहावी जवळ ठेव, वेळ उरला तर. आईवरची मोठी कविता मला अतिशय आवडते, तरी ती या वेळी नको. ती पाच मिनिटांची आहे, संपादनात तिला कात्री लागेल आणि तुला ते सहन होणार नाही. कार्यक्रमातला एखादा मिनिटभराचा तुकडा पुढे फोनवर फिरेल, पण तो डोक्यात ठेवून कविता निवडू नकोस. ज्या कवितेबद्दल तुला खरंच काही बोलायचं आहे, तीच घे.

निवडलेल्या पाच कविता क्रमाने लिहून मला पाठव. रविवारी सकाळी फोन कर, सगळ्या एकदा मोठ्याने वाचून दाखव. मी मध्ये बोलणार नाही, घड्याळ लावून ऐकेन आणि नंतर कुठे घाई होते ते सांगेन.

तुझा,
काका